पाणी पेटतं म्हणणारीचा नवरा

आमच्या घरमालकांनी कुणाला साधं "या, बसा" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. दाराची बेल वाजली की ते आतूनच खाकरायचे, आवाज नाकात नेऊन ठेवायचे आणि एकेक शब्द सुटा करत म्हणायचे, "येणाऱ्या प्रवाशांनी कृपया चपला दाराबाहेर काढाव्यात." नवखा माणूस अर्धा दचकायचा, अर्धा हसायचा, आणि दोन्ही अर्धे मिळून चपला मात्र निमूट बाहेर काढायचे.

सगळी नोकरी त्यांनी संभाजीनगरच्या बसस्थानकात काढली. वाहतूक नियंत्रक. म्हणजे काचेच्या खिडकीआड बसून 'पाचोडला जाणारी गाडी अमुक फलाटावर लागलेली आहे' असं सांगणारा आवाज. निवृत्त झाले तेव्हा माइक तिथंच राहिला, आवाज घरी आला. त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको भाड्यानं राहत होतो. म्हणून आमचं नाव 'वरचे'. मला नाव आहे, ते त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. प्रवाशाला नाव कशाला हवं?

आणि गंमत ऐका. उभ्या मराठवाड्याला ज्यानं कुठं कुठं पाठवलं, तो गृहस्थ स्वतः पैठण-पाचोडच्या पुढं फारसा गेलेला नव्हता. नोकरीत असताना म्हणायचे, "मी गेलो तर गाड्या कोण सोडील?" नोकरी संपल्यावर ही सबब गेली, तेव्हा त्यांनी दुसरी शोधली. "मी गेलो अन् नळ आला तर?"

ही सबब मात्र भक्कम होती. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सण आहे. कोणत्या दिवशी येईल सांगता येत नाही, आल्यावर किती वेळ टिकेल तेही नाही. अशा अनिश्चित वाहतुकीला नियंत्रक नको? नळानं पहिली गुळणी टाकली की मालक जिन्याच्या तोंडाशी उभे राहायचे. "सर्व प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! जायकवाडीहून येणारं पाणी नळावर लागलेलं आहे! वरच्यांनी आपापली भांडी घेऊन त्वरित यावं!"

आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज यायचा. "अहो, माणसं झोपेतून उठली तरी का बघा!"

"झोपलेल्या प्रवाशाची जबाबदारी आपल्यावर नाय!"

जिन्याखाली त्यांचे निळे ड्रम ओळीनं उभे असत. प्रत्येकावर झाकण, झाकणावर वीट. शेजारी खिळ्याला दोरीनं टांगलेला तुरटीचा खडा. दुपारची झोप झाली की चहाच्याही आधी मालक तो खडा घ्यायचे आणि एका टोकापासून प्रत्येक ड्रमात फिरवत जायचे. हात कोपरापर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले. तेवढ्या वेळात ते एक अक्षर बोलत नसत. दिवसात आम्हाला तेवढीच शांतता मिळायची, म्हणून तुरटीबद्दल माझ्या मनात आदर होता.

आता त्यांच्या डोक्याविषयी. ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

मालकांचे वडील पाचोडजवळच्या एका खेड्यातले. धम्मदीक्षा घेऊन आले आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून पैठणला गोदावरीत सोडून आले. परत येऊन पोराला म्हणाले, "आता डोळ्याला दिसल अन् हाताला लागल तेवढंच खरं. बाकी कुणाच्या बापाचं ऐकायचं नाय." पोरानं ते असं ऐकलं की पुढं खरोखरच कुणाचंच ऐकलं नाही. घरात विवेकवादी विचारांचं एक मासिक यायचं. ते पहिल्या पानापासून मागच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, मग मला वाचायला लावायचे आणि मग मी खरंच वाचलं का म्हणून प्रश्न विचारायचे.

एकदा आमच्या कॉलनीत एक बुवा आला. नुसतं पाणी शिंपडून होम पेटवायचा. बायका रांगा लावायला लागल्या. तिसऱ्या दिवशी मालक रांगेत उभे राहिले, पाळी आल्यावर बुवाच्या हातातली झारी काढून घेतली आणि म्हणाले, "महाराज, पाणी आहे ना? मग प्या." बुवा पिईना. मालकांनी स्वतःच्या घरून लोटाभर पाणी आणून होमात ओतलं. होम विझला. ते पाणी नव्हतंच, पाण्यासारखं दिसणारं भलतंच औषध होतं आणि खाली आधीच पूड पसरलेली होती. मालकांनी तिथल्या तिथं घोषणा केली, "बुवा महाराजांची फेरी रद्द करण्यात आलेली आहे!" काय टाळ्या पडल्या म्हणता! मी स्वतः शिट्टी वाजवली. त्या दिवशी हा माणूस मला फार मोठा वाटला, आणि आजही त्या दिवसापुरता वाटतो.

पण घरी त्यांची बायको पाणी पेटतं म्हणायची.

काकू बौद्धच, पण कोकणातल्या. देवगडच्या बाजूचं समुद्रकाठचं खेडं. त्यांचे वडील एसटीत मेकॅनिक. बदली होऊन पैठणला आले आणि परत जाताना एक मुलगी इकडं देऊन गेले. काकूंची भाषा हळूहळू आमच्यासारखी झाली, भाकरी आमच्यासारखी झाली, एक गोष्ट तेवढी तिकडची राहिली. लहानपणी थंडीच्या दिवसांत त्यांनी समुद्र पेटलेला पाहिला होता.

मी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की त्यांच्या शब्दांत सांगू शकतो. "अंधार पडला की लाट फुटायची अन् निळी व्हायची. पाय टाकला की पायाची बोटं दिसायची. खेकडा पळाला की त्याच्या मागं ठिणग्या. अन् ओंजळीत घेतलं, तर पाणी मनगटावरून खाली जाईपर्यंत उजेड जायचा." बास, एवढीच. काकूंनी तिच्यात कधी एक शब्द वाढवला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर एव्हाना त्या समुद्रातून एक जहाज बाहेर काढलं असतं.

मालकांना ही गोष्ट म्हणजे घरातला बुवा वाटायची. "तुझं पाणी अन् त्या बुवाचं पाणी एकाच विहिरीतलं," असं ते म्हणायचे. काकू म्हणायच्या, "चमत्कार कुठं म्हणते मी? पाणीच तसं होतं." मालक म्हणायचे, "हाताला लाव, मग मानतो." संभाजीनगरहून समुद्र हाताला कसा लावायचा?

मग ती घरातली थट्टा झाली. काकू म्हणाल्या, गॅस संपत आलाय, तर मालक म्हणत, "हो, अन् पाणी पेटतं." पाहुणे आले की चहा झाल्यावर, "अगं, ती पाण्याची सांग की!" काकू सांगायच्या. दर वेळी खरं समजून सांगायच्या, हे मला फार नवल वाटायचं. पाहुणे हसायचे. मालक सगळ्यांत मोठ्यानं हसायचे, आणि त्यांच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. दुष्टपणाशी भांडता येतं.

काकूंचा धाकटा भाऊ गावी राहिलेला. दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी घेऊन यायचा. मालक त्याच्याशी तास न् तास घाटातल्या रस्त्यांविषयी बोलायचे, कुठली गाडी कुठल्या डेपोची, कुठं वळण वाईट. समुद्राचा विषय कधी निघायचा नाही. एकदा न राहवून मी काकूंना म्हटलं, "काकू, तुमचा भाऊ समोर बसलाय. त्याला विचारा ना साक्षीला. मालकांचं तोंड बंद होईल."

काकू तांदूळ निवडत होत्या. मलाही त्या भाऊच म्हणायच्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, त्याचं ऐकून मानलं तर त्याचं मानलं. माझं कुठं मानलं?"

मी त्यांच्या ताटातले खडे वेचायला लागलो.

मग ती विहारातली सकाळ. रविवारी लहान मुलांचा संस्कार वर्ग असायचा, आणि त्या दिवशी शिकवणाऱ्या बाई आल्या नव्हत्या. काकूंना कुणी तरी म्हटलं, तुम्ही सांगा मुलांना एखादी गोष्ट. काकूंनी कुठली सांगितली असेल, वेगळं सांगायला नको. मुलं अगदी डोळे विस्फारून ऐकत होती. मागं मालक उभे होते. गोष्ट संपली आणि एका पोरीनं विचारलं, "आजी, खरंच?"

काकू 'हो' म्हणणार, तेवढ्यात मागून तो आवाज आला. स्टँडवरचा. "मुलांनी कृपया लक्ष द्यावं. पाणी पेटत नसतं. पेटतं म्हणणाऱ्याला पुरावा मागायचा. पुरावा नसंल, तर माणूस कितीबी जवळचं असो, मानायचं नाय."

मुलं हसली. त्यांना आवाजाचं हसू आलं असेल. काकू उठल्या, पदर सारखा केला आणि सतरंजीच्या घड्या घालायला लागल्या, मुलं अजून तिच्यावर बसलेली असतानाच.

त्यानंतर काकूंनी ती गोष्ट सांगणं सोडलं. पाहुण्यांसमोर मालकांनी एकदोनदा आग्रह केला. काकू म्हणाल्या, "विसरले मी आता." मालकांना ते खरं वाटलं. त्यांना सहज खरी वाटलेली काकूंची ही पहिलीच गोष्ट असावी.

पुढं काकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून ठरलेल्या वारी डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताची नस सुईसाठी फुगवून ठेवलेली, त्या हातानं काही उचलायचं नाही. पाणी मोजून प्यायचं. आणि पाण्याचं नियंत्रण कुणाकडं, सांगा बरं! मालकांनी एक स्टीलचं फुलपात्र बाजूला काढलं. पहिल्या काही दिवसांत त्याचीही घोषणा झाली. मग घोषणा बंद झाली. काकू फुलपात्र रिकामं करून ते उलटं धरून बघायच्या, आणि मालक तेवढ्या वेळापुरते खोलीतून बाहेर जायचे. ज्याच्या जिन्याखाली काठोकाठ भरलेले ड्रम उभे, त्याच्या घरात ही तहान.

त्याच हिवाळ्यात मोबाइलवर ते व्हिडिओ फिरायला लागले. कोकणातल्या किनाऱ्यावर निळ्या लाटा. मी धावत खाली गेलो, मालकांच्या नाकासमोर फोन धरला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "एडिट केलेलं हाय." काकू पलंगावर होत्या. मी फोन त्यांच्याकडं वळवला, तर मालक म्हणाले, "तिला नका दाखवू. मोबाइलवर काय, हत्तीबी उडवतात." काकूंनी भिंतीकडं तोंड केलं.

पण महिन्याभरानं मासिक आलं. त्यांचं ते विवेकवादी मासिक. त्यात मधल्या पानावर लेख होता, समुद्राचं पाणी का चमकतं याच्यावर. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, पाणी हललं की उजेड टाकतात. चमत्कार नाही, शुद्ध विज्ञान. मालक जिना चढून वर आले. खाकरले नाहीत, काही जाहीर केलं नाही. मासिक उघडं धरून दारात उभे राहिले.

"वरचे, हे खरं असंल का हो?"

"तुमचंच मासिक आहे, मालक."

"व्हय. म्हणूनच लई वाईट झालंय."

ते पायरीवरच बसले. बराच वेळ त्या पानावरून बोट फिरवत राहिले. मी म्हटलं, "मग सांगा की काकूंना जाऊन. एवढा लेख वाचून दाखवा."

"दाखवला." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "म्हणली, असंल. नुसतं 'असंल'. कागदावरचं मानत नाय ती. कसं मानंल? मीच शिकवलंय तिला, हाताला लागल्याशिवाय मानायचं नाय." मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाले, "हाताला लावायचं तिच्या. पाणी आणायचं."

काकूंना तिकडं नेणं शक्यच नव्हतं. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत घरातल्या घरात चालतानाही धाप लागायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की फार महिने धरून चालू नका. म्हणून पाणी इकडं आणायचं. देवगडला मेव्हणा होता, पण मालकांना त्याच्याकडं जायचं नव्हतं. "त्याला काय तोंडानं सांगू? तुझ्या बहिणीला इतकी वर्षं खोटी ठरवली म्हणून?" तेव्हा अलिबागच्या पुढचा एक किनारा ठरला, जिथून व्हिडिओ येत होते. गाडी माझी, कॅन त्यांचे. काकूंजवळ माझी बायको थांबणार होती. काकूंना सांगितलं, पुण्याला एका लग्नाला जातोय.

मालक आयुष्यात पहिल्यांदा घाट उतरले. उतरताना डोळे मिटून बसले होते.

समुद्रही पहिल्यांदाच पाहिला, पण त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते सूर्य बुडायची वाट बघत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बूट, जसे काही उशिरा येणाऱ्या गाडीसाठी उभे आहेत. अंधार झाला. काहीच नाही. मालक पुटपुटले, "गेली वाटतं." मग एक लाट फुटली, आणि तिच्या कडेनं निळी रेघ धावत गेली. गॅसच्या शेगडीची ज्योत कुणी लांबलचक आडवी करावी तशी.

मी ओरडलो. मालक ओरडले नाहीत. ते पाण्यात गेले. पाऊल टाकलं की पावलाभोवती उजेड. दुसरं टाकलं, पुन्हा. पोरासारखे थयथय नाचायला लागले, हात आपटायला लागले, हसायला लागले. "लागलं हो! हाताला लागलं!" आणि मग हळूहळू थांबले. खाली वाकून आपल्या पायांकडं बघत राहिले.

"बोटं दिसतायत," म्हणाले. ओंजळ भरून वर धरली. पाणी मनगटावरून खाली निथळलं, उजेडही निथळला. "मनगटावरून. तसंच. जसं म्हणायची तसंच हो. एक शब्द जास्तीचा नव्हता तिचा."

त्यांनी आपल्या फोननं चित्रण केलं. नंतर बघितलं तर पडदा काळा ठिक्कर, आणि त्यातून फक्त त्यांचा आवाज: "बघ! बघ! बघतेस ना?" मी माझा फोन काढला, त्यातही अंधारच आला. स्वस्त फोन स्वस्तच असतात.

कॅन भरले. परत निघालो. मालक मागच्या सीटवर एक कॅन मांडीवर घेऊन बसले होते. घाटाखाली गाडी थांबवून त्यांनी तो हलवला, तेव्हा आत एक निळी सळसळ दिसली. "हायेत," ते म्हणाले. "जिवंत हायेत."

सकाळी घरी पोचलो. काकू झोपल्या होत्या. जिन्याखाली ड्रमांच्या रांगेच्या टोकाला मालकांनी स्वच्छ धुतलेला प्लास्टिकचा टब ठेवला. पाणी त्यात ओतलं, वरून ओलं पोतं झाकलं. उजेडात ते साधं, जरा गढूळ पाणी होतं. संध्याकाळी अंधार पडला की काकूंना खुर्चीवर बसवून इथं आणायचं, एवढंच उरलं होतं. आम्ही दोघंही झोपायला गेलो.

दुपारी कलती उन्हं असताना मी खाली आलो. मालक टबाशेजारी जमिनीवर बसले होते. पोतं बाजूला पडलेलं. बाही कोपरापर्यंत वर. हातात दोरी, दोरीला तुरटीचा खडा, खड्यावरून थेंब पडत होते.

मला बघून म्हणाले, "हात गेला हो."

झोपेतून उठले होते. रोजच्यासारखे डोळे मिटून पहिल्या ड्रमापासून निघाले होते. रांग संपली होती तिथं टब होता. गढूळ पाणी हाताखाली आलं आणि हातानं आपलं काम केलं.

पुढं कॉलेजात शिकवणारे एक ओळखीचे मला म्हणाले की, तुरटी नसती तरी ते जीव टिकले नसते. इतका प्रवास, इतकं ऊन. मी ते लगेच जाऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "वरचे, तुम्ही समजूत घालायला लई हुशार हायेत."

तरी संध्याकाळी त्यांनी काकूंना आणलंच. "काही तरी राहिले असतील. सगळेच कसे मरतील?" घरातले दिवे बंद केले, जिन्यातला बंद केला, शेजाऱ्यांना विनंती करून त्यांच्या अंगणातलाही बंद करायला लावला. काकू खुर्चीत. माझ्या बायकोनं त्यांचा डावा हात उशीवर ठेवला. मालक टबापाशी उकिडवे बसले.

"हात घाल. उजवा. अन् हलव."

"काय आहे?"

"समुद्र हाय. काल आणलाय. लग्नाला नव्हतो गेलो आम्ही."

काकूंनी हात घातला. पाण्याचा आवाज आला. त्या हलवत राहिल्या, हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. काही नाही. तुरटीनं पाणी नितळ केलं होतं, इतकं की अंधारातही तळाशी त्यांच्या बांगड्या लागल्याचा आवाज स्वच्छ येत होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात बाहेर काढला.

"राहू द्या," म्हणाल्या. "किती लांब गेलात हो त्यासाठी. मी लहान होते तेव्हा. लहान पोराला काय, चांदणं पडलं तरी पेटल्यासारखं दिसतं. तुमचंच खरं होतं."

"नाय!" मालक उभे राहिले. "माझं खोटं होतं! काल बघितलं मी, माझ्या पायाला लागून पेटलं! बोटं दिसली! मनगटावरून निथळलं, तू म्हणायचीस तसं! मी त्यात तुरटी फिरवली, अगं, माझ्या हातानं फिरवली, म्हणून मेलं!"

"बरं."

"बरं काय! वरचे, सांगा की हो हिला!"

मी पुढं झालो. छातीवर हात ठेवला. म्हटलं, "काकू, शपथेवर सांगतो, मीही पाहिलं. अगदी तुम्ही सांगायचात तसं."

काकू हसल्या. त्या अंधारात दिसल्या नाहीत, पण हसल्याचं कळलं. "भाऊ, तुम्ही तर काय, गोष्टीच सांगता," म्हणाल्या. आणि मालकांच्या दिशेनं हात करून, लहान मुलाला समजावतात तशा आवाजात, "पेटलं हो. पेटलं. चला आता, मला गार वाजतंय."

मी आयुष्यभर प्रसंग रंगवून सांगत आलो आहे. लोक पोट धरून हसतात, टाळ्या देतात. एकदा, फक्त एकदा, माझ्या साध्या शब्दावर कुणी तरी विश्वास ठेवायला हवा होता, आणि नेमका तिथं माझा शब्द चालला नाही.

नंतर मालकांनी पुन्हा जायचं ठरवलं, पण किनाऱ्यावरून निरोप आला की आता पाणी साधं झालंय, पुढच्या थंडीत बघा. काकूंना पुढची थंडी नव्हती. त्या मधल्या दिवसांत मालक रोज एकदा तरी त्यांच्या उशाशी बसायचे. "अगं, खरंच..." असं सुरू करायचे. काकू डोळे न उघडता म्हणायच्या, "व्हय हो. पेटलं." चिडून म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. मालक उठून बाहेर यायचे, नळाजवळ उभे राहायचे. एकदा पाणी आलं आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आमचे हंडे रिकामे राहिले. मी तक्रार करायला गेलो नाही.

उन्हाळा तोंडावर असताना काकू गेल्या.

जलदान विधीला माणसं बरीच जमली होती. पांढरे कपडे, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील. मालकांनी सगळं नीट केलं, सांगितलं तिथं उठले, सांगितलं तिथं बसले. देवगडहून भाऊ आला होता. या वेळी आंबे नव्हते. जेवणं झाल्यावर ओट्यावर आम्ही तिघंच उरलो. भाऊ रडून रडून थकलेला, आता नुसता बसलेला. मालकांनी त्याच्याशी रस्त्यांबद्दल काही काढलं नाही. बराच वेळ हातातल्या पत्रावळीशी चाळा केला, मग विचारलं,

"पाव्हणं, तुमच्याकडं समुद्राचं पाणी पेटतं का हो?"

"पेटता तर!" भाऊ म्हणाला. "दरवर्सा पेटता. थंडी पडली की. त्यात काय? ल्हानपणी ताई त्यात जावन बसायची, तिका वढून घराक आणूची लागायची." बहिणीच्या आठवणीनं त्याला थोडं हसू आलं. मग नवलानं मालकांकडं बघत म्हणाला, "इतकी वर्सां झाली, ताईन कधी सांगल्यान नाय तुमका?"

मालकांनी मान खाली घातली.

"सांगितलं होतं," म्हणाले.

"मगे?" भाऊ म्हणाला. "तुमका म्हायत आसाच." आणि हात धुवायला नळाकडं गेला.